कमी ऑक्सिजनमध्ये व्यायाम केल्याने शुगर खरोखर उतरते का?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. वय ४७, उंची ५ फूट ७ इंच, वजन ९१ किलो, चार वर्षांचा मधुमेह, मागच्या महिन्यातील एचबीएवनसी (मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा) ७.९, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, शिवाय बीपीची एक गोळी. घर कोल्हापुरात आणि नोकरी पुण्यात, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार मुक्काम तिकडेच. गुडघे दुखू लागल्यापासून रंकाळ्यावरचे फिरणे बंद पडले आहे. पुण्यातील एका व्यायामशाळेने कमी ऑक्सिजनच्या खोलीत आठवड्यातून तीनदा चालण्याचे बारा आठवड्यांचे पॅकेज सांगितले आहे आणि डोंगरावरची हवा शुगर जाळते, असे तेथील प्रशिक्षकाचे म्हणणे आहे. ते परवडले नाही तर तोंडाला लावायचा मास्क घ्यावा का, की दर रविवारी पन्हाळ्यावर जाऊन चालावे, आणि जूनमध्ये मित्रांबरोबर लेहला जाणार आहात त्याचा शुगरला काही फायदा होईल का, असे आपण विचारले आहे. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: घोरण्यामुळे पत्नी दुसऱ्या खोलीत झोपते आणि दुपारी ऑफिसात खुर्चीतच डोळा लागतो, पण ते वयोमानाने असेल.

मी चोवीस वर्षे कोल्हापुरात फिजिशियन म्हणून काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मधुमेहाचेच असतात. माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची ओळ ती शेवटचीच आहे. परंतु तिचा आणि त्या खोलीचा संबंध लक्षात यायचा असेल तर ऑक्सिजन कमी पडला की शरीरात काय घडते, ते आधी सांगावे लागेल. मी आपल्याला तपासलेले नाही. हृदयाची स्थिती, हिमोग्लोबिन, डोळ्यांचा पडदा आणि बीपीची गोळी नेमकी कोणती, या चार गोष्टींवर पुढील बराचसा सल्ला अवलंबून आहे, हेही सुरुवातीलाच नमूद करतो.

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण पंचगंगेच्या घाटावर आणि लेहच्या बाजारात सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. उंचीवर उतरतो तो हवेचा दाब, आणि त्याबरोबर ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो आणि त्यात ऑक्सिजनचा वाटा सुमारे १५९ असतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने इथे तो १४९ च्या घरात येतो, पन्हाळ्यावर साडेनऊशे मीटरला १४२ च्या आसपास, आणि साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये मात्र १०३-१०४ पर्यंत खाली जातो. हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवण्यात चिवट असते. दाब थोडा उतरला तरी ते जवळजवळ भरलेलेच राहते आणि एका मर्यादेनंतर झपाट्याने रिकामे होऊ लागते. म्हणूनच पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी मी बोटाला ऑक्सिमीटर लावला तेव्हा तो कोल्हापूरसारखाच ९७ दाखवत होता, आणि लेहला पहिल्या संध्याकाळी नुसते पलंगावर बसलेलो असताना ८७.

यावरून आपल्या एका प्रश्नाचे उत्तर लगेच मिळते. पन्हाळ्यावर जरूर जा, पण हवेसाठी नव्हे. तिथे फायदा होतो तो चढावर चालल्याचा. आपल्या गुडघ्यांना मात्र चढापेक्षा उतार अधिक जाचेल, तेव्हा गाडीने वर जाऊन तटबंदीच्या कडेने सपाटीवर फिरणे बरे.

मास्कचेही थोडक्यातच सांगतो. तो तोंडावर आवळला की श्वास ओढायला जोर लागतो, घुसमटल्यासारखे होते आणि आपण हिमालयात असल्याचा भास होतो. पण आत येणारी हवा तीच, त्याच दाबाची असते. त्यातून श्वासाच्या स्नायूंना थोडी कसरत घडते आणि आपलीच उच्छ्वासाची हवा काही अंशी परत आत जाते, एवढेच. उंचीचा परिणाम म्हणून त्याला पैसे मोजू नयेत, आणि बीपी असलेल्या माणसाने तर तो लावून धापा टाकत चालू नये.

व्यायामशाळेतील खोलीचे तसे नाही. तिथे यंत्राने हवेतील काही ऑक्सिजन खरोखर बाजूला काढलेला असतो. साधारणपणे तो २१ ऐवजी १५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. समुद्रसपाटीला १५ टक्के म्हणजे सुमारे २,७०० मीटर उंचीइतकी हवा होते. पण पुणे आणि कोल्हापूर मुळातच साडेपाचशे मीटरवर असल्याने आपल्याकडे तेच १५ टक्के सव्वातीन हजार मीटरच्या जवळ जातात. यंत्रासोबतचा तक्ता समुद्रसपाटीचा असेल तर हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी आकडा कोणता आणि तो कोठल्या हिशेबाने, हे विचारून घ्यावे.

आता मूळ मुद्दा. स्नायूच्या पेशीत ग्लुकोज शिरायचे असेल तर ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या आतून तिच्या पृष्ठभागावर यावी लागतात. त्यांना वर बोलावणारा एक निरोप इन्सुलिन आणते. टाइप-२ मधुमेहात हाच निरोप नीट पोहोचत नाही. इन्सुलिन हाका मारते आणि पेशी दाद देत नाहीत. दुसरा निरोप इन्सुलिनच्या वाटेने येतच नाही. स्नायू आकुंचन पावू लागला आणि त्याच्यातील ऊर्जेचा साठा उतरू लागला की एएमपीके नावाचे विकर (एन्झाइम) जागे होते, आणि इतर काही संदेशांच्या जोडीने तीच वाहक प्रथिने वर आणते. मधुमेही माणसात ही दुसरी वाट बहुतांशी शाबूत असते, आणि व्यायामाने शुगर उतरते ती प्रामुख्याने या वाटेने. प्रयोगशाळेत वेगळ्या काढलेल्या स्नायूला ऑक्सिजन कमी पडू दिला तरी ग्लुकोज आत जाण्याचे प्रमाण वाढते, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. त्यात भर अशी की ऑक्सिजन वापरून ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणाऱ्या ऊर्जेचे रेणू, मिळतात आणि ऑक्सिजनशिवाय केवळ २. साहजिकच चणचण असताना स्नायू तेवढ्याच कामासाठी अधिक ग्लुकोज खर्च करतो. ही चणचण पेशी ओळखते कशी, हे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा प्रशिक्षकाचे म्हणणे अगदीच हवेतले नाही.

परंतु यंत्रणा खरी असणे वेगळे आणि तिचा उपयोग मोजण्याइतका असणे वेगळे. टाइप-२ मधुमेहींवर झालेल्या लहान प्रयोगांत कमी ऑक्सिजनमध्ये तासभर मध्यम व्यायाम केल्यावर इन्सुलिनला मिळणारी दाद साध्या हवेतील तेवढ्याच व्यायामापेक्षा काहीशी अधिक सुधारलेली दिसली. लठ्ठ व्यक्तींवरील काही आठवड्यांच्या चाचण्या पाहिल्या तर कमी ऑक्सिजनचा गट सुधारतो आणि साध्या हवेचा गटही सुधारतो. दोहोंतील फरक कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि दिसला तरी लहान असतो. उपाशीपोटीची शुगर व इन्सुलिन यांच्या बाबतीत तर निष्कर्ष एका दिशेने जातच नाहीत.

असे का व्हावे, याचे मला पटलेले उत्तर ट्रेडमिलवरच मिळाले. अशा खोलीत मी स्वतः दोनदा चाललो आहे. भिंतीवरच्या फलकावर १५.० हा आकडा, कोपऱ्यातून कॉम्प्रेसरची घरघर आणि बोटाला ऑक्सिमीटर. ताशी ५ किलोमीटरने चालताना एरवी माझी नाडी १०४ च्या आसपास असते. तिथे दहा मिनिटांत ती १२४ झाली आणि ऑक्सिजन ९७ वरून ८८ वर आला. प्रशिक्षकाने वेग ४ वर आणला तेव्हा नाडी पुन्हा १०५ वर बसली. अर्थ असा की तोच वेग ठेवला तर शरीराला ते काम जड जाते आणि जड कामाचा लाभ मिळतो, जो साध्या हवेत थोडे वेगाने चालूनही मिळाला असता. आणि नाडी सारखी ठेवायची म्हटली तर वेग कमी करावा लागतो, म्हणजे काम घटते आणि परिणाम साधारण बरोबरीचा येतो. दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला माणसाची कमाल क्षमता साधारण दहा टक्क्यांनी उतरते, त्याचाच हा परिपाक. १९६८ चे ऑलिंपिक २,२४० मीटरवरच्या मेक्सिको सिटीत झाले तेव्हा लांब पल्ल्याचे धावपटू मागे पडले आणि उंचीवरच्या सरावाकडे क्रीडाजगताचे लक्ष गेले, तेही याच कारणाने. मात्र धावपटूचा हेतू रक्तपेशी वाढवण्याचा असतो, त्यासाठी तो आठवडेच्या आठवडे उंचीवर राहतो, रोजचे बारा-चौदा तास तरी. आठवड्यातून तीन तासांनी त्यातले काही घडत नाही.

याच हिशेबात एक लाभ मात्र दडलेला आहे. कमी वेगाने, म्हणजे सांध्यांवर कमी भार टाकून, हृदयाला आणि स्नायूंना मध्यम व्यायामाइतके काम देता येते. ज्याचे वजन फार आहे, गुडघे झिजले आहेत आणि ताशी ५ किलोमीटरने चालणे ज्याला जमतच नाही, त्याच्यासाठी ही खोली खरोखर उपयोगी पडू शकते. आपण त्या वर्गाच्या उंबऱ्यावर आहात, म्हणून मी सरसकट नाही म्हणत नाही.

वजनाबद्दलही लोक विचारतात. जर्मनीतील त्सुगश्पित्झे पर्वतावर २,६५० मीटर उंचीवर वीस लठ्ठ पुरुषांना आठवडाभर ठेवले होते. व्यायाम वाढवला नव्हता, जेवणावर बंधन नव्हते, तरी त्यांचे वजन सरासरी दीड किलोने घटले, कारण भूक मंदावली. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून जाहिरातींत फिरतो आहे. जाहिरातींत न फिरणारा प्रयोग १९८५ चा आहे. 'ऑपरेशन एव्हरेस्ट-२' या प्रयोगात निरोगी पुरुषांना दाब कमी करता येणाऱ्या बंदिस्त खोलीत चाळीस दिवस ठेवून हळूहळू एव्हरेस्टच्या उंचीपर्यंत नेले. खायला हवे ते उपलब्ध होते, तरी त्यांचे वजन सात किलोंहून अधिक उतरले आणि त्यात मोठा वाटा स्नायूंचा होता. मधुमेही माणसाने स्नायू घालवणे म्हणजे ग्लुकोज साठवण्याचे कोठारच मोडणे होय. वजनकाट्यावरचा आकडा उतरला म्हणून हुरळून जाऊ नये, असे मी तालमीत वाढलेल्या कोल्हापूरकरांनाही सांगतो, आणि त्यांना ते लवकर पटते.

आता एक प्रसंग सांगतो, कारण लेहला आपण ग्लुकोमीटर नेणार आहात. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ जोतिबाचा डोंगर पायी चढून थेट दवाखान्यात आले. कपाळावर गुलाल, हातात गुलाल आणि ग्लुकोमीटरच्या बटणांतही गुलाल. "डॉक्टर, चालून शुगर उतरती म्हणताय, आन् हितं तर २३८ दाखवतंय की वं!" मी त्यांना साबणाने हात धुवायला सांगितले, बोट कोरडे केले आणि पुन्हा थेंब घेतला, १७१ आली. प्रसाद खाल्लेल्या बोटावरची साखर पट्टीवर उतरली होती. पण १७१ सुद्धा त्यांच्या नेहमीपेक्षा जास्तच होती, आणि तेही खरे होते. दम लागेल असा चढ चढताना अॅड्रेनलिन वाढते, यकृत साठवलेले ग्लुकोज रक्तात सोडते आणि थोडा वेळ शुगर वर जाते. दोन तासांनी त्यांनी फोनवर कळवली ती १२६ होती. स्नायूंनी ते सोडलेले ग्लुकोज मागाहून उचलले होते.

इथवरचे सांगणे एकत्र आणतो. ऑक्सिजनची चणचण शरीरात एकाच वेळी दोन गोष्टी करते: स्नायूला ग्लुकोज ओढायला लावते, आणि अॅड्रेनलिनसारख्या संप्रेरकांकरवी यकृताला ग्लुकोज सोडायला लावते. स्नायू काम करत असेल तर पहिली गोष्ट वरचढ ठरते. स्नायू निजलेला असेल तर?

इथे आपली ती शेवटची ओळ येते. जोराने घोरणाऱ्या अनेक माणसांचा घसा झोपेत वरचेवर मिटतो. श्वास दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून अधिक थांबतो, रक्तातील ऑक्सिजन ९६ वरून ८२ पर्यंत घसरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, घसा उघडतो, फुरफुर आवाज करत श्वास आत येतो आणि पुन्हा तेच. सकाळी यातले काहीही आठवत नाही. आठवते ते इतकेच की झोप झाली तरी ताजेतवाने वाटले नाही. तासाला असे पाचहून अधिक प्रकार आणि जोडीला दिवसा झोप येणे ही निद्राश्वासरोधाची खूण मानतात. पंधरापासून पुढे मध्यम आणि तीस किंवा अधिक झाले तर तीव्र. प्रत्येक घसरणीला अॅड्रेनलिन उसळते, यकृत ग्लुकोज सोडते, पण ते उचलायला स्नायू जागाच नसतो. असे रात्रीमागून रात्री चालले की पेशी इन्सुलिनला आणखी कमी दाद देऊ लागतात आणि पहाटेचे बीपीही चढते. दिवसा ज्या कमी ऑक्सिजनसाठी आपण पैसे भरायला निघाला आहात, तो कदाचित रोज रात्री सात तास आपल्याला फुकट मिळतो आहे, आणि तोही चुकीच्या वेळी.

या बाबतीत मी स्वतः एकदा कमी पडलो आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे, आपल्याच वयाचे एक जण माझ्याकडे येत. रात्री झोपताना शुगर बरी असे आणि सकाळी उपाशीपोटी ती चढलेली. मी दोनदा गोळ्या वाढवल्या, जेवणाची वही तपासली, रात्री चोरून काही खाता का असेही विचारले, जे त्यांना लागले. तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नी सोबत आल्या. काही न बोलता त्यांनी मोबाइलवरची चित्रफीत माझ्यापुढे धरली: मोठे घोरणे, मग एकदम शांतता, मी मनातल्या मनात सव्वीसपर्यंत मोजले, आणि मग अख्खे अंग हलवून ओढलेला श्वास. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतील श्वास आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या तपासणीत, तासाला ४१ वेळा श्वास अडल्याचे आणि ऑक्सिजन ७४ पर्यंत उतरल्याचे आढळले. घोरता का, हा प्रश्न मी दीड वर्षात एकदाही विचारला नव्हता. त्यानंतर तो माझ्या कागदावर छापलेलाच आहे.

त्यांना सीपॅप यंत्र लावले, जे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवते. त्याने शुगर जादूने उतरली असे मी म्हणणार नाही. सीपॅपने एचबीएवनसी हमखास उतरतो असे चाचण्यांतही दिसलेले नाही. परंतु दुपारची पेंग गेली, सकाळचे बीपी खाली आले आणि संध्याकाळी अंगात चालण्याइतके त्राण उरू लागले. सहा महिन्यांत ८.४ चा एचबीएवनसी ७.६ वर आला. त्यातले श्रेय यंत्राचे किती आणि चालण्याचे किती, हे वेगळे करून दाखवणे मला शक्य नाही.

म्हणून माझ्या मते क्रम असा असावा. पॅकेजचे पैसे भरण्यापूर्वी स्लीप स्टडी करून घ्या. आता ती घरी झोपूनही करता येते. पत्नीला सांगून रात्रीची पाच मिनिटांची चित्रफीत काढून ठेवा, डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते. अहवाल येईपर्यंत रात्री मद्य घेत असाल तर थांबवा, कारण त्याने घसा आणखी सैल पडतो. रविवारी रात्री तांबड्या-पांढऱ्याचे भरपेट जेवण करून लगेच उताणे झोपणेही टाळा.

गुडघे आणि व्यायाम यांचे म्हणाल तर फिरणे बंद पडले याचा अर्थ व्यायाम बंद पडावा असा होत नाही. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, त्यामुळे पहिले चार-पाच किलो उतरेपर्यंतच काय ती अडचण. तोवर स्थिर सायकल किंवा पोहणे, आठवड्याला मिळून १५० मिनिटे, असे धरा. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारी वाढीव दाद एक ते तीन दिवसच टिकते, म्हणून सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नका. शनिवार-रविवारी सगळे उरकून टाकण्याची पद्धत शुगरला मानवत नाही. दुपारी व रात्री जेवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे सपाटीवर सावकाश चालणे बहुतेक गुडघे सोसतात, आणि जेवणानंतरची शुगर त्याने हमखास खाली येते. याखेरीज आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण द्या. खोल बैठका आपल्याला नकोत, परंतु खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून जोर काढणे, यांना ना व्यायामशाळा लागते ना यंत्र.

हे सहा-आठ आठवडे नीट करूनही गुडघ्यांमुळे नाडी वर जाण्याइतके चालणे जमत नसेल, तर त्या खोलीचा विचार करावा. त्याआधी ईसीजी व हृदयाची तपासणी, हिमोग्लोबिन आणि डोळ्यांचा पडदा पाहून घ्यावा. हृदयविकार, आटोक्यात नसलेले बीपी, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, रक्तक्षय, सिकलसेल, किंवा मधुमेहाने पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या आलेल्या असणे, यांपैकी काहीही असेल तर तिकडे जाऊ नये. बीपीची गोळी मेटोप्रोलॉलच्या जातीची असेल तर नाडी दाबलेली राहते आणि नाडीच्या आकड्यावरून वेग ठरवणे फसवे ठरते. अशा वेळी बोलताना धाप लागते का, हे पाहावे. ऑक्सिमीटर बोटाला असलाच पाहिजे आणि तो ८५ च्या खाली जाऊ लागला तर थांबावे, अशी माझी अट असते. ग्लिमेपिराइड चालू असल्याने सुरुवातीला शुगर १०० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन मगच चालावे.

लेहबद्दल माझे मत अधिक सावध आहे. तिथे जाण्याने शुगर सुधारेल ही अपेक्षा सोडून द्या. विमानाने थेट साडेतीन हजार मीटरवर उतरल्यावर पहिल्या काही दिवसांत अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल चढलेले असतात आणि इन्सुलिनला मिळणारी दाद उलट घटते. शरीर रुळले की ती पूर्वपदावर येते, तोवर आपल्या परतीची वेळ झालेली असते. दुसरीकडे भूक मरते. अर्धे जेवण आणि पूर्ण ग्लिमेपिराइड असे झाले की शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि डोके दुखणे, अशक्त वाटणे, बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे शुगर उतरल्याचीही असतात आणि उंची बाधल्याचीही. डोके दुखले की आधी शुगर तपासायची, मग बाकीचा विचार, हे सोबतच्या मित्रांनाही सांगून ठेवा. काही पट्ट्यांमधील रसायन ऑक्सिजनवर अवलंबून असते आणि उंचीवर त्या शुगर खरी असते त्याहून जास्त दाखवू शकतात. पाकिटावर ग्लुकोज ऑक्सिडेज असे लिहिलेले असेल तर दुसऱ्या प्रकारची पट्टी घ्या. थंडीत यंत्र आतल्या खिशात ठेवा. गोळीचे प्रमाण कमी करायचे का आणि उंची बाधू नये म्हणूनची गोळी घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरांशी निघण्याच्या दोन आठवडे आधी ठरवा, आणि सल्फाची अॅलर्जी असेल तर ती तेव्हा आवर्जून सांगा.

पहिले दोन दिवस लेहमध्ये पूर्ण विश्रांती घ्या. खारदुंग ला पाच हजार मीटरच्या वर आहे, पण तिथून गाडी लगेच खाली उतरते आणि नुब्रा खोऱ्यातील मुक्काम लेहपेक्षाही सखल असतो. मला काळजी आहे ती पँगाँगच्या रात्रीची. ते ठिकाण सव्वाचार हजार मीटरवर आहे. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा नियम आहे आणि तिथे तो सरळ मोडतो. कोल्हापुरात ज्याचा ऑक्सिजन झोपेत ८२ वर येतो, त्याचा तिथे झोपेत किती होईल याचा अंदाज आपण करू शकता. स्लीप स्टडीचा अहवाल हाती येईपर्यंत पँगाँगचा तंबू आरक्षित करू नका. लेह आणि नुब्राची आरक्षणे खुशाल करा, आणि अहवालात सीपॅप सांगितले तर ते यंत्र विमानात हातातल्या बॅगेतून न्या.